काळ्या रानातली गोल भेग

वैशाख लागला की आमच्या संस्थेत मैद्याची पोती येतात. फाटकावरचा चौकीदार दरवर्षी हिंदीतून तेच विचारतो, समोशाचं दुकान कधी उघडताय. मी हसतो आणि पोतं खांद्यावर घेतो. मैदा चाळायचा, बारीक वाळू चाळायची, दोन्ही मिसळायचं, त्यातला थोडा भाग गेरूनं लाल करायचा. मग टेबलावर काचेची मोठी पेटी मांडायची, तळाशी जाड रबरी फुगा ठेवायचा, त्याची नळी बाजूच्या भोकातून बाहेर काढायची, फुगा भरायचा आणि त्याच्यावर एक पांढरा, एक लाल असे थर पट्टीनं सारखे करत चढवत जायचे. सगळं झाल्यावर लांब उभं राहून बघितलं, तर ती पेटी उभ्या कापलेल्या विहिरीच्या कडेसारखी दिसते. हे मी इथं कुणाला बोललेलो नाही.

ही तयारी कार्यशाळेची असते. देशोदेशीचे शास्त्रज्ञ दहा दिवसांसाठी या पहाडी शहरात जमतात आणि ज्वालामुखींवर बोलतात. उडणाऱ्या ज्वालामुखींवर कमी, कोसळणाऱ्यांवर जास्त. ज्वालामुखी म्हणजे वर उडणारा, एवढंच मला शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून माहीत होतं. ते चित्र सहावीतलं असेल, कारण आठवीत मी शाळा सोडली. खाली बसणारे डोंगर असतात हे मला इथं येऊन कळलं. डोंगराच्या पोटात वितळलेल्या दगडाचं तळं असतं. ते कुठून तरी रिकामं होतं, वरचं छत अधांतरी राहतं, आणि मग ते आख्खंच्या आख्खं खाली जातं. मागं उरतो तो गुळाच्या काहिलीसारखा पसरट खड्डा, एवढा मोठा की त्यात तालुका मावावा. त्याला कॅल्डेरा म्हणतात.

तो कसा तयार होतो हे दाखवायला माझी पेटी. सगळे टेबलाभोवती उभे राहतात, मोबाइल काढतात, आणि मी नळीच्या तोंडाला लावलेली चिमटी सैल करतो. फुगा हळूहळू बसायला लागतो. वरचा मैदा बराच वेळ जशाचा तसा राहतो. मग मधलं बसलेलं डोळ्याला कळायच्या आधी कडेनं केसाएवढी एक रेघ उठते. ती सरळ जात नाही. वळते. वळत वळत गोल फिरून जिथून निघाली तिथं यायला बघते. आणि मग तिच्या आतलं सगळं एकदम खाली. लोक टाळ्या वाजवतात. मला त्या वेळी प्यायला पाणी लागतं. आमच्या मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगतात की रेघ सगळ्यांत आधी विलासला दिसते, कॅमेऱ्यालासुद्धा नंतर. पाहुणे माझ्याकडे बघून माना डोलावतात. मी मैदा झटकायला खाली वाकतो.

मॅडमचे उपकार मी कशानं फेडणार. दगडांचे थर अभ्यासायला त्या आमच्या जालना जिल्ह्यात आल्या होत्या. शेतात दगड दिसत नाही, तो दिसतो विहिरीत, म्हणून त्यांना विहिरी दाखवणारा माणूस पाहिजे होता. मी तेव्हा विहिरीचं काम सोडून जुन्या जालन्यात एका धान्याच्या आडतीवर पोती उचलत होतो. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी त्यांच्या गाडीत बसून शिवारं दाखवत फिरलो. ही काळी माती, हा मुरूम, हा भोकं भोकं असलेला मांजऱ्या दगड, हा लाल थर, त्याच्या खाली काळा पाषाण. मात्र विहिरीच्या काठाशी मी जात नसे. दहा पावलं लांब उभं राहून बोटानं दाखवायचो. त्यांनी शिक्षण विचारलं तेव्हा मी मान खाली घालून आठवी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आठवी राहू दे. हा लाल थर पलीकडच्या शिवारात किती खोल लागतो ते सांग." मी सांगितलं. त्यांनी दोरी सोडून मोजलं. वर्षभरात मी इथं होतो, पगारावर, छपराखाली, आणि आमच्या गावापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर.

त्या वेळी मॅडम एकदा धावड्याला आमच्या घरी जेवल्या. आईला त्यांनी समजावून सांगितलं की हे सगळं शिवार म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, एकावर एक वाहत आलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. आई भाकरी थापता थापता थांबली.

"म्हंजे आमच्या खाली इस्तू व्हता?"

"होता. आता थंड आहे."

"बिलकुल थंड हाय ना? तुम्ही हात लावून पाह्यला?"

मॅडम हसल्या, हात लावून पाहिला म्हणाल्या. आईनं पुढची भाकरी थापायला घेतली. मला तेव्हा त्या आगीची भीती वाटली नाही. आजही वाटत नाही. दगड कधी वितळलेला होता याची भीती ज्याला वाटते त्यानं फक्त दगडच पाहिलेला असतो. मला भीती वाटते ती दगडाच्या वरच्या वीस फुटांची.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे विहिरींचा हंगाम. पाणी तळाला गेलेलं असतं, रानं मोकळी असतात आणि मिरगाच्या आत विहीर उरकायची असते. तुरीच्या वाळल्या तुराट्यांचा वास, डिझेलचा वास, सुरुंगाच्या बारानंतर वर येणारा करपट, नाकात बसणारा धूर. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, घमेल्याची कड फडक्यानं धरावी लागते. विहिरीच्या तोंडावर यारी बसवलेली असते. यारी म्हणजे दगडमाती वर ओढणारं यंत्र, तारेला मोठी बकेट बांधलेली. माणसंही त्याच बकेटीतून खाली जातात आणि वर येतात. आमच्या टोळीचा एक नेम होता. खालचा शेवटचा माणूस वर आल्याशिवाय कुणी भाकरीचं फडकं सोडायचं नाही. कितीही भूक लागो.

टोळीचा म्होरक्या केशवमामा. आमचा सख्खा मामा नव्हे. तो धनगराचा, आम्ही बौद्ध, पण माझ्या दादाला आणि मला हे काम त्यानंच शिकवलं. त्याचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. त्यामुळं असेल, बकेटीला तो मेंढरासारखंच बोलायचा. "चल गं, चल, डुलत जाऊ नको." पहिल्या कुदळीला तो नारळ फोडायचा, खोबऱ्याचा पहिला तुकडा मला द्यायचा आणि म्हणायचा, "घे, तुमच्यात चालतं का न्हाई मला ठाव न्हाई, पण विहिरीत समद्यांचं चालतं." दादा म्हणायचा, मामा, त्याला दुसरा तुकडा नका देऊ, यारीवर झोपल. मी यारीवर असायचो. दादा आणि मामा खाली.

तो हंगाम टेंभुर्णीच्या शिवारातला. मी बावीस वर्षांचा होतो. नदीच्या अलीकडचं काळं रान, वीस फूट नुसती मातीच, मग मुरूम, मग दगड. अशा जागी दगड लागला की खरं म्हणजे थांबायचं असतं. दगडावरून वरपर्यंत बांधकाम उचलून माती धरून ठेवायची आणि मगच पुढं खोल जायचं. मालकाला घाई होती, आम्हालाही. बांधकाम मागून करू, आधी पाणी लागू दे, असं ठरलं. वर काढलेला दगडमुरूम काठापासून लांब टाकायचा असतो. तो ओढून न्यायला ट्रॅक्टर येणार होता. लग्नसराईत ट्रॅक्टर वऱ्हाडाला गेला, तो आलाच नाही. ढीग काठावरच वाढत राहिला.

त्या ढिगाच्या आणि काठाच्या मधे मला भेग दिसली. आता हे ज्यानं काळं रान पाहिलेलं नाही त्याला कसं सांगू. वैशाखात आमच्या रानात भेग नाही अशी हातभर जागा नसते. बैलाचा खूर अडकावा, पडलेला विळा आत जाऊन हाताला लागू नये, अशा भेगा. लहानपणी आम्ही त्यांच्यात चिंचोके टाकून खाली पडल्याचा आवाज ऐकायचो. रानभर भेगा असताना एका भेगेकडं कोण बघतं? मी बघितली ती एवढ्यासाठी की बकेट रिकामी करायला गेलो की माझी चप्पल तिच्यात अडकायची. दोनदा चपलेचा अंगठा तुटला. तिसऱ्या वेळी मी वैतागून शेजारच्या ढिगातला मुरूम पायानं तिच्यात लोटला, तुडवून सारखा केला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडलेली. मी पुन्हा भरली. असं चार दिवस.

चौथ्या दिवशी दुपारी खाली घमेलं फाटलं. दुसरं आणायला दादा बकेटीत बसून वर आला. मामा खाली एकटा होता, पहार मारत. दादा झाडाखाली घमेलं शोधत होता. मी यारीवर बसून घाम पुसत होतो. मोठा आवाज झालाच नाही. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा झाला, एवढाच. समोरचा काठ ढिगासकट तिथं नव्हता आणि धूळ सरळ वर येत होती. पहारीचा आवाज थांबला होता.

गाव धावून आलं. दिवस मावळायच्या आत मामाला वर काढलं. त्या दिवशी भाकरीचं फडकं कुणी सोडलं नाही, पुढं त्या भाकरीचं काय झालं मला आठवत नाही. लोक म्हणाले, काळी माती दगाबाज. कुणी म्हणालं, विहिरीनं माणूस घेतला. मी काही म्हणालो नाही. पहिल्या दिवशी म्हणालो नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणता आलं नाही. महिन्यानंतर म्हणावं अशी गोष्ट ती नव्हतीच. आणि मग वर्षं गेली.

भीती माझ्यात तेव्हा शिरली ती नुसत्या विहिरींची राहिली नाही. इथल्या घाटात रस्त्याच्या कडेला डांबर तडकलेलं दिसलं की मी बसमधून उतरून तेवढा तुकडा पायी चालतो. कंडक्टर आता ओळखतो, बस पुढं नेऊन थांबवतो. घरात भिंतीला प्लास्टरची रेघ उठली तर मी पेन्सिलीनं तिच्या टोकाला खूण करून ठेवतो, पुढं सरकते का बघायला. बायको म्हणते, पाहुणे येतात, भिंत शाळेच्या वहीसारखी दिसते. मुलगी मैदानावर खेळायला गेली की मी आधी मैदान बघून येतो. हे सगळं मी कुणाला भीती म्हणून सांगत नाही. सवय आहे म्हणतो.

पहिल्याच वर्षी पेटीतली ती रेघ बघितली तेव्हा माझ्या हातातून चिमटी सुटली होती. मॅडम एका पाहुण्याला सांगत होत्या की छत कोसळण्याआधी भोवती गोल भेग पडते आणि ती ओळखता आली तर माणसं हलवायला वेळ मिळतो. मी इंग्रजी तेवढंच समजलो, पण तेवढं पुरलं. रानातल्या उन्हाच्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या असतात, एकमेकींना जाऊन मिळतात, फुटतात, कुठंही संपतात. माझ्या चपलेखालची कुणाला मिळत नव्हती. ती काठाला धरून वळत होती. मी चार दिवस ती बघितली होती आणि चार दिवस ती भरली होती.

यंदा कार्यशाळेच्या चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दादाचा फोन आला. आता टोळी त्याची आहे. गावापासून तीन मैलांवर नाल्याकाठी विहीर घेतली होती. बोलता बोलता म्हणाला, रान लई उललंय यंदा, काठावर बी भेग हाय एक, बोटभर.

"कशी हाय? सरळ का वळती?"

"भेग कशी असती? भेगसारखी."

"दादा, नीट पाहून सांग. काठाला धरून गोल जाऊन राह्यली का?"

"तू फुगे फोड तिकडं," दादा म्हणाला. "सरकार तुला फुग्याचा पगार देतं, मला दगडाचा मिळतो."

मागून कुणीतरी हसलं. मी म्हणालो, माणसं वर काढ. तो म्हणाला, काहून? मी पेटीचं सांगितलं, मैद्याचं, रेघेचं. तो म्हणाला, मैद्यात अन् काळ्या रानात काही फरक हाय का न्हाई? फोन ठेवला.

मी पेटीजवळ आलो. दुपारच्या प्रयोगासाठी थर भरायचे होते. एक पांढरा भरला, एक लाल भरला, आणि पुढचा हात चालेना. दादा बुद्धीनं ऐकणारा माणूस नाही. त्याला एकच गोष्ट पटली असती आणि ती मी इतकी वर्षं पोटात ठेवली होती. मी मागच्या अंगणात जाऊन परत फोन लावला आणि म्हणालो, दादा, टेंभुर्णीची भेग मी पाहिली होती. चार दिवस. मी ती पायानं बुजवत होतो.

तिकडून यारीचा आवाज तेवढा येत होता.

मग तो हळू म्हणाला, "मी घमेलं आणाय वर आल्तो."

"हो."

"इतकी वर्सं मी म्हणून राह्यलो, की मी वर आलो अन् मामाला खाली ठेवलं. आईला म्हणलो, बायकोला म्हणलो. तुला बी म्हणलो, इल्या. तुला कितीदा म्हणलो."

म्हणाला होता. दर उन्हाळ्यात म्हणायचा. मी म्हणायचो, दादा, तुझा काय दोष. हे म्हणताना मला बरं वाटायचं, चांगल्या भावासारखं.

त्यानं माणसं वर काढली. दुपारनंतर मालकाला सांगितलं की बांधकाम केल्याशिवाय उतरणार नाही. मालकानं काम काढून घेतलं. दादानं मला हे दोन ओळींत कळवलं, आणि नंतर माझे फोन उचलणं बंद केलं. विहीर पडली नाही. मी रोज पुतण्याकडून माहिती घेत होतो. पाचवा दिवस, सहावा, सातवा. विहीर उभी. मला वाटायला लागलं की मी भावाच्या हातचं काम घालवलं आणि त्याच्या मनातला मी घालवला, ते एका उन्हाच्या भेगेपायी. आणि खरं सांगू, ती पडावी असं मला एकदा वाटलं. रिकामी पडावी, म्हणजे मी खरा ठरेन. अशी इच्छा करणाऱ्या माणसाची मला भीती वाटली.

आज कार्यशाळेचा शेवटचा दिवस. सकाळी दादाचा आपणहून फोन आला. आवाज कोरडा.

"त्या विहिरीत दुसरी टोळी उतरलीय. कालपासून."

"कुणाची?"

"रामेश्वरची."

रामेश्वर म्हणजे केशवमामाचा थोरला. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. मी म्हणालो, दादा, तू सांगितलंस ना त्याला?

"सांगितलं भेग हाय म्हणून. तो म्हणला, काळ्या रानात भेगा नसतील तर काय मोगरा असंल? हसला. बापावानीच हसतो."

"मग ते सांग ना. टेंभुर्णीचं."

"ते मी न्हाई सांगणार," दादा म्हणाला. "ते तुझं हाय. नंबर घे."

मी नंबर हातावर लिहून घेतला. शेवटचा प्रयोग दुपारी होता. मॅडमना म्हणालो, आज चिमटी दुसऱ्या कुणाला द्या, मला फोन करायचा आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मान हलवली. मी अंगणात गेलो. फोन दुसऱ्यांदा लावल्यावर उचलला गेला. मागं यारी चालू होती.

"कोण?"

"विलास. धावड्याचा. तुझ्या वडिलांच्या टोळीत यारीवर होतो."

"हां, विलासकाका. बोला. जल्दी बोला, बकेट यायलीय."

मी बोललो. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं. ढीग, चप्पल, मुरूम, चार दिवस. आणि ही भेग कशी ओळखायची ते. तुझ्या पायाखालची आत्ता वाकून बघ म्हणालो. तो वाकला की नाही, मला कसं दिसणार.

"किती दिवस म्हणले?" त्यानं विचारलं.

"चार."

"चार दिवस," तो म्हणाला. मला नव्हे. स्वतःलाच म्हणाला. मग फोन तोंडापासून लांब धरून ओरडला, "वर या रे. समदे वर या."

फोन त्यानं बंद केला नाही. विसरला असेल. यारीचा आवाज मला कुठूनही ओळखू येतो. रिकामी बकेट खाली जाते तेव्हा तार सैल वाजते, माणूस घेऊन येते तेव्हा यंत्र कण्हतं. मी कानाला फोन दाबून मोजत राहिलो. एकदा कण्हलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आतल्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, त्यात एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. परत ऐकलं तर फोन बंद झालेला.

त्यानंतर तो लागत नाही. दादाला सांगितलं, तो आज जालन्यात होता, तिथून गाडी काढून निघालाय, नाल्यापर्यंत जायला त्याला वेळ लागेल. मी अंगणातल्या कट्ट्यावर वही घेऊन बसलोय, हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून लिहितोय. तीनदा आला यारीचा आवाज. विहिरीत किती माणसं होती, हे मी विचारलंच नव्हतं.